भावाच्या रक्ताची काच

गुणसूत्रं बघायची असतील तर पेशीला नेमक्या क्षणी थांबवावं लागतं. आधी थांबवलं तर केंद्रकात पिंजलेल्या लोकरीसारखा नुसता गोळा दिसतो. उशीर झाला तर एका पेशीच्या दोन होऊन गेलेल्या असतात. या दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ असा येतो की तो सगळा गुंता आवरून, घड्या घालून, आखूड काड्यांसारखा मांडलेला असतो. त्या काड्या म्हणजे गुणसूत्रं. माझी सगळी नोकरी त्या मधल्या थोड्या वेळावर झाली.

बडोद्यात, सुभानपुऱ्यातल्या एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. जिना चढून येणारे निम्मे लोक साखर तपासायला आलेले असत. त्यांना आम्ही पाणी देत असू आणि पुढच्या गल्लीतला पत्ता. आमच्याकडे आलेलं रक्त तपासण्याआधी वाढवावं लागे. नळीत पोषक द्रव, त्यात थोडं रक्त, आणि राजम्यापासून काढलेल्या एका अर्काचा थेंब. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी निवांत असतात, हा अर्क त्यांना विभागायला लावतो. नळी अंगाच्या उबेइतक्या उबेत तीन दिवस ठेवायची, मग त्यात कोल्चिसिन घालायचं. पावसाळ्यात कुंपणावर कळलावीची फुलं दिसतात ना, तिच्या कंदात असतं तेच हे विष. ते घातलं की विभागायला निघालेली पेशी जागच्या जागी उभी राहते.

त्यानंतर पेशी फुगवायच्या, धुवायच्या आणि काचेवर थोड्या उंचीवरून त्यांचा थेंब सोडायचा. तो आपटला की काड्या पसरतात. बडोद्याच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की थेंब पसरायच्या आत सुकतो आणि काड्या एकमेकींवर चढून बसतात. त्यासाठी आम्ही शेगडीवर पाण्याचं पातेलं उकळत ठेवून काच आधी वाफेवर धरायचो. त्या पातेल्यात चहा कधीही झाला नाही, तरी नवीन येणारा प्रत्येक जण झाकण उचलून बघायचाच.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते हे आम्ही जन्मभर सांगत आलो, पण नक्कल होताना आम्हाला कधीच दिसली नाही. आम्ही पेशीला थांबवतो त्याच्या कितीतरी आधी ती होऊन गेलेली असते. काचेवरची प्रत्येक काडी नीट बघितली तर दुहेरी असते, कमरेशी जोडलेली. लोक विचारत, यातली मूळ कोणती आणि नक्कल कोणती? याचं उत्तर मला फार आवडायचं. दोन्ही अर्ध्या जुन्या आणि अर्ध्या नव्या.

डीएनए म्हणजे दोन पदरांची एक लांबच लांब पट्टी. पदरांवर चार अक्षरं, आणि कोणत्या अक्षरासमोर कोणतं येणार हे ठरलेलं. नक्कल करायची वेळ आली की पेशी या दोन पदरांमधली शिवण उसवते. एका टोकापासून नाही, हजारो ठिकाणी. मोकळ्या झालेल्या प्रत्येक पदरासमोर जुळणारं एकेक अक्षर आणून बसवलं जातं. एका पदरावर हे काम मशीनच्या शिलाईसारखं सरळ पुढे जातं. दुसऱ्या पदराची दिशा उलटी, म्हणून तिथे पुन्हा पुन्हा मागे येऊन तुकडे शिवायचे आणि मग ते एकमेकांना जोडायचे. अक्षर बसवणारं जे रसायन असतं तेच मागे वळून तपासतंही. चुकलेलं अक्षर उखडतं, बरोबर लावतं. इतकं करूनही क्वचित एखादी चूक राहून जाते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. एखादीने बिघडतं.

शिकाऊ माणसाची पहिली काच त्याच्या स्वतःच्याच रक्ताची, असा आमच्याकडे रिवाज होता. हात बसेपर्यंत नमुने वाया जायचे ते आपलेच जावेत, एवढाच हिशोब. माझी पहिली काच जमली तेव्हा माझ्या तेवीस जोड्यांपैकी नवव्या जोडीतल्या एका काडीचा कमरेजवळचा भाग उलटा बसलेला दिसला. मी घाबरले. प्रयोगशाळेचे प्रमुख पारीख सर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून बघून म्हणाले, "कशुं नथी. खूप लोकांत असतं. काही होत नाही त्यानं." मग डोळा न काढताच म्हणाले, "पण आता तुम्हाला गर्दीत ओळखता येईल, बेन."

तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. एकदा एक आजोबा नातवाला दंडाला धरून घेऊन आले. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते.

"बाई, याचं रक्त घ्या आणि शिलेदारी उतरलीय का बघा. हा नुसता गरबा खेळतो."

"आजोबा, ते यात दिसत नाही."

"मग काय दिसतं?"

मी त्यांना भिंगापाशी बसवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "काड्या," ते म्हणाले. फी परत घेऊन नातवासह खाली उतरताना जिन्यातून त्यांचा आवाज आला, "एवढं मोठं यंत्र, आणि काड्या!"

आणि एक प्रश्न तर रोजचा. गर्भाचं लिंग सांगणं कायद्याने गुन्हा आहे, तशी मोठी पाटी आमच्या भिंतीवर होती. लोक त्या पाटीखाली उभे राहूनच विचारत. करजणहून सुनेला घेऊन आलेली एक सासू तर पाटी मोठ्याने वाचून मग माझ्या कानाशी लागली, "ए बधुं ठीक, पण बेन, बाबो छे के बेबी?" पुरुषात एक एक्स आणि एक वाय, बाईत दोन एक्स, एवढा तो फरक. वाय ही अगदी लहान काडी, शेपूट तुटल्यासारखी. एवढ्याशा काडीसाठी माणसं काय काय करतात ते मी त्या टेबलामागे बसून बघितलं आहे.

पुढे अशी वेळ आली की एका काचेवर एकही वाय सापडू नये, म्हणून मी देव मानत नसतानाही मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होते. ती काच माझ्या धाकट्या भावाच्या रक्ताची होती.

सुहास रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. हडकुळा, बडबड्या, कोणाचीही थट्टा करणारा. मी घरात पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारी, आणि तो आल्यागेल्याला सांगायचा, "ताईला हाक मारू नका, पान संपल्यावर ती आपणहून येते." एका हिवाळ्यात त्याला ताप येत राहिला, अंगावर निळे डाग दिसू लागले, आणि तपासात रक्ताचा कॅन्सर निघाला. हाडांच्या आत मज्जा असते, तिथे रक्त तयार होतं. तिथल्या कुठल्यातरी एका पेशीत नक्कल करताना चूक राहिली होती, आणि ती पेशी थांबायचं विसरली होती. तिच्या नकला, त्यांच्या नकला, त्यांच्या नकला. हे मी दुसऱ्यांना अनेकदा समजावून सांगितलं होतं. त्याची बायको मेधा हिला सांगताना मला वाक्य पूर्ण करता येईना. तिनेच ते केलं. "म्हणजे चूकच खरी मानून सगळं पुढे चाललंय," ती म्हणाली.

औषधांनी आजार मागे हटला, पण पुन्हा येण्याची भीती मोठी होती. डॉक्टरांनी मज्जा बदलायला सांगितलं. भावंडांत शोधा, म्हणाले. भावंड म्हणजे मी एकटी. माझी जुळली.

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आम्ही महिना-दोन महिने राहिलो. आधी औषधांनी त्याची मज्जा पार रिकामी केली. मग माझ्या कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा एका पिशवीतून त्याच्या शिरेत सोडली. कापाकापी काही नाही. सुहासला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल. त्या पिशवीकडे बघून तो मेधाला म्हणाला, "हे तर टोमॅटोचं सार दिसतंय." मग मला म्हणाला, "एवढंसंच? मला वाटायचं तू मोठ्या मनाची आहेस."

"गप पड," मी म्हटलं.

"ताई, आता मलाही पुस्तकं वाचावीशी वाटायला लागली तर?"

"तर मेधाला सांगेन, औषध लागू पडलं."

शिरेत सोडलेल्या त्या पेशी आपल्या आपण हाडांची वाट शोधतात. कोणी दाखवत नाही. तिथे जाऊन बसतात आणि काम सुरू करतात, म्हणजे शिवण उसवून स्वतःच्या नकला करू लागतात. सगळं नीट झालं तर रोग्याच्या अंगातलं रक्त देणाऱ्याचं होतं. चेहरा, हात, आवाज त्याचा, पण रक्तातल्या पेशी देणाऱ्याच्या.

काही महिन्यांनी तपासायचं होतं ते हेच. सुहासच्या रक्तात फक्त माझ्या पेशी असतील, तर प्रत्येक पेशीत दोन एक्स दिसायला हवे. कुठे वाय दिसला, तर त्याची जुनी मज्जा परत उठली, आणि तिच्याबरोबर बहुधा आजारही. पुन्हा पहिल्यापासून सगळं सोसण्याची ताकद त्याच्यात उरलेली नव्हती. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, त्यालाही आणि आम्हालाही. म्हणजे तो जगणार की नाही हे एका काचेवर ठरायचं होतं.

ही तपासणी बडोद्यात आमच्याकडेच होणार होती. आणि आमच्याकडे नियम होता, घरच्या माणसाची काच आपण बघायची नाही. हा नियम मीच घातला होता. भिंगावरचा डोळा हवं ते बघतो, हे मला माहीत होतं. मी पारीख सरांना म्हटलं, मला काही कळू देऊ नका, आणि जो बघेल त्यालाही हे माझ्या भावाचं आहे हे कळू देऊ नका.

सर फार सज्जन माणूस. त्यांनी माझं म्हणणं जरुरीपेक्षा जास्त मनावर घेतलं. नळीवरचं नाव काढलं, पत्ता काढला, आणि त्याच ओघात आजाराची आणि मज्जा बदलल्याची माहितीही काढून टाकली. राहिला एक नंबर आणि त्यापुढे 'पुरुष'. नळी त्यांनी निमिषाकडे दिली आणि भाचीच्या लग्नाला सुरतला निघून गेले.

निमिषा आमच्याकडे नुकतीच लागली होती. बोलताना अर्धं गुजराती, अर्धं मराठी. पण काम स्वच्छ, आणि जे दिसलं तेच लिहिणारी. ती त्या दिवसांत काय करते आहे तिकडे मी बघत नव्हते. म्हणजे तिच्या टेबलाकडे पाठ करून बसत होते. घरी गेलं की सुहासचा फोन यायचा.

"ताई, सिग्नल काय म्हणतो?"

"अजून पडला नाही."

"लाल असला तरी सांग. आम्ही खात्यातली माणसं, गाडी उभी करायची सवय आहे."

"उद्या सांगते," एवढंच मी म्हणत असे. फोन ठेवताना मागून मेधाचा आवाज यायचा, "काय म्हणाल्या?" आणि तो सांगायचा, "पान संपायचंय अजून."

एका दुपारी चहाच्या वेळी निमिषा कपाळाला आठ्या घालून आली आणि कप घेऊन माझ्या शेजारी बसली.

"बेन, सर क्यारे आवशे?"

"परवा. का गं?"

"एक सॅम्पल बदलाई गयुं छे. कलेक्शनवाल्यानं गोंधळ केला. लेबलवर पुरुष लिहिलंय, आणि आत लेडीजचं रक्त. मी फेकून देते, आणि परत रक्त पाठवायला सांगते. चालेल ना?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"किती पेशी बघितल्यास?"

"बध्धी. जेवढ्या मिळाल्या तेवढ्या सगळ्या. दुसरी काच पण केली. लेबलवर पुरुष आहे म्हणून तर मी वाय शोधत बसले, बेन! डोळे दुखले."

"एकही नाही?"

"एक पण नाही. म्हणून तर म्हणते, बदलाई गयुं."

"फेकू नकोस," मी म्हटलं. "निमिषा, ते बदललेलं नाही. ते माझ्या भावाचं आहे. आत जे रक्त आहे ते माझं आहे."

मग तिच्या ध्यानात आलं. आधी तिने कपाळावर हात मारला, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती खुदकन हसली. "एटले बेन, म्हणजे दोन दिवस मी तुमच्याकडे बघत होते? आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसला होतात?"

प्रयोगशाळांमध्ये नमुने बदलण्याची जेवढी धास्ती असते तेवढी दुसऱ्या कशाची नसते. निमिषाने जे केलं ते तिच्या जागी मीही केलं असतं. आमच्या धंद्यात सगळ्यात चांगली बातमी कधी कधी अगदी चुकीसारखी दिसते, आणि शिस्तीचा माणूस ती टाकून द्यायला निघतो.

ती मला हाताला धरून भिंगाकडे न्यायला लागली. मी गेले नाही. सरांनी परत येऊन स्वतः दोन्ही काचा बघितल्या, सही केली, आणि मग खुर्चीवरून उठून मला जागा दिली. मी डोळा लावला. दोन एक्स होते. पण मी बघत होते नवव्या जोडीकडे. तिथली एक काडी कमरेशी उलटी बसलेली होती, जशी माझ्या पहिल्या काचेवर होती तशी. माझ्या हाडातून निघून, कोणी वाट न दाखवता, भावाच्या हाडात जाऊन ती रोज स्वतःला उतरवून घेत होती, आणि तेही न चुकता.

त्या संध्याकाळी मी फोनवर म्हटलं, "हिरवा."

पलीकडे त्याने मेधाला ओरडून सांगितलं, "पान संपलं!"

त्यानंतर सुहास पुष्कळ वर्षं जगला. निवृत्त झाला, मेधाबरोबर फिरला, दरवर्षी तपासणीला आला की निमिषाला विचारायचा, "काय बेन, आज मी बाबो की बेबी?" त्या प्रश्नाला बंदी आहे, असं ती त्याला पाटी दाखवून सांगायची. वाय कधीच सापडला नाही.

या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सकाळी पेपर वाचता वाचता तो गेला. हृदय बंद पडलं. त्याचं रक्त शेवटपर्यंत चोख होतं. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या रक्ताकडे डोळे लावून बसलो होतो, आणि बाकीच्या सुहासकडे आमचं लक्ष जरा कमीच राहिलं, असं आता वाटतं. हे लिहायला मला म्हणूनच वेळ लागतो आहे. दोन ओळी झाल्या की उठते.

मेधा रविवारी माझ्याकडे येते. आम्ही फार बोलत नाही. मागच्या एका रविवारी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही दोघी गवार मोडत होतो. ती म्हणाली, "ताई, एक विचारते. शास्त्रात असेल ते सांगा. माझी समजूत नका काढू."

"विचार."

"त्यांच्यात तुमचं होतं. ते त्यांच्याबरोबर गेलं. पण तुमच्यात त्यांचं काही नाही ना?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. नाही. पेशी माझ्याकडून त्याच्याकडे गेल्या, उलट काही आलं नाही. हे उत्तर गेले कित्येक महिने मी स्वतःला देत होते. तेच सांगायला तोंड उघडलं आणि मी थांबले. इतकी वर्षं परक्या लोकांना जे समजावून सांगितलं, ते घरच्या बाबतीत माझ्या मनातच आलं नव्हतं.

"मेधा, डॉक्टरांनी माझीच मज्जा का घेतली?"

"जुळली म्हणून."

"काय जुळलं?"

"ते नाही माहीत."

"सहाव्या गुणसूत्रावर एक पट्टा असतो. त्यावरून शरीर आपलं कोण, परकं कोण ते ओळखतं. आईकडे त्याचे दोन नमुने होते, बाबांकडे दोन. मुलाला दोघांकडून एकेक मिळतो, कोणता मिळेल ते सांगता येत नाही. सुहासला आईचा जो मिळाला तोच मला मिळाला होता. बाबांचा जो मिळाला, तोही तोच. त्या पट्ट्यापुरते आम्ही दोघं एकच. माझं होतं म्हणून ते त्याला मानवलं, असं नाही. त्याचंही तेच होतं म्हणून मानवलं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे त्यांचा तो पट्टा..."

"माझ्यातही आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत."

"आणि ते तुम्ही सांगता ते, शिवण उसवून नवं लावायचं..."

"चालू आहे. आत्ताही."

उरलेली गवार तिने मोडून संपवली, देठं कागदात गुंडाळली. मग ओट्याकडे बघितलं. सकाळची माझी ताटली तशीच पालथी होती.

"ताई, सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा झाला दोनदा."

"नुसता चहा?" ती उठली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि फळीवरचा कुकर काढला. "असं नाही चालायचं आता. बसा तिथेच, खिचडी टाकते. आणि तुम्ही पोटभर जेवल्याशिवाय मी आज घरी जाणार नाही."